नऊ फुटी घरांचे मामा

रविवार, १५ डिसेंबर. त्या दिवसाचं काम म्हणजे दौंडच्या आमच्या प्लॉटवरचं गवत काढून मामांची वाट पाहणं.

ज्याचा प्लॉट दहा फुटांपेक्षा रुंद आहे, त्याला माझ्या नवऱ्याचे घरं आखून देणारे मामा माणसात धरत नाहीत. आमच्याकडं वाटणीत प्रत्येक भावाला रस्त्याला तोंड हवं असतं, त्यामुळं जागेच्या लांबच लांब पट्ट्या पडतात. त्या पट्ट्यांत घर बसवणं हेच मामांचं सुख. ऐसपैस प्लॉटवाला आला, तर "एवढी जागा मला फुकट घालवता येत न्हाई, इंजिनियरकडं जा" म्हणून त्याला वाटेला लावतात. स्वतः मोकळ्या मैदानातही अंग चोरून चालतात. शिरूरला एका साखरपुड्यात, नवरदेवाचं घर तेच आखत होते म्हणून, ते टेप घेऊन त्याच्या आईच्या मागं उभे राहिले. "वहिनी, जरा हलू नका. जिना तुमच्याच मापाचा काढायचाय." मला तोंड कुठं लपवावं कळेना. लग्न टिकलं, आणि त्या वहिनी जिन्यात आजवर अडकल्या नाहीत, हेही सांगितलं पाहिजे.

नकाशा ते कागदावर काढत नाहीत. जागेवर पांढऱ्या फक्कीनं भिंती आखतात आणि घरच्यांना दिवसभर त्या रेघांत राहायला लावतात. त्या रविवारी आमची पाळी आली तेव्हा मी भाकरीची टोपली घेऊन सरळ निघाले, तर म्हणाले, "सूनबाई, भिंतीतनं आलात." नवरा फोनवर बोलत होता. त्याला अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं सांगितलं, "भाच्या, तू संडासात उभा हायस."

माझी मागणी साधी होती. पुढं माझं शिवणाचं दुकान, मग स्वयंपाकघर, मग आमची खोली, आणि पार मागं सासूबाई. त्या मामांच्या थोरल्या बहीण, आक्का. हल्ली त्यांना चालता येत नाही. "मागं शांत असतं," मी म्हटलं. मामांनी वाद घातला नाही. चटई उचलली आणि शेवटच्या खोलीत जाऊन आडवे झाले. "आता मी आक्का."

जेवणं झाली, गवंडी आला, शटरवरून माझी त्याच्याशी जुंपली. उन्हं कलल्यावर चहा घेऊन मागं गेले, तर मामा तिथंच. ओठ सुकलेले, टोपी तोंडावर.

"मामा, उठायचं ना."

"आक्काला उठता येत न्हाई."

"मग हाक मारायची."

"मारली की. उसाचे ट्रॅक्टर जात हुते." त्यांनी बशीत चहा ओतला. "आन् अजून भिंतीबी न्हाईत."

असा हादरा मला कुणी आवाज चढवूनही दिला नव्हता. चहा संपवून त्यांनी पाठीची फक्की झटकली आणि शिरूरची एसटी पकडली. संध्याकाळभर मला त्यांचा रागच येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सासूबाईंना रिक्षातून प्लॉटवर नेलं, खुर्चीत बसवलं आणि विचारलं, "आई, खाट कुठं टाकू?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खरंच विचारतेय का, याचा अंदाज घेतला असावा. मग दुकानाकडं बोट केलं.

"हितं. माणसं दिसत्यात."

"आणि माझी मशीन?"

"ऱ्हाऊ दे शेजारी. मी काजं-बटणं करीन."

मी दुकानाची रेघ पायानं पुसली, आणि खाटेपुरती जागा सोडून नवी मारली.