खोडलेलं ‘आपली’

“तुमच्यात असतो का गं बैलगाडा?”

सरांनी विचारलं आणि वर्ग हसला. मी उभी होते. हातात बैलगाड्यांच्या शर्यतीवरचं माझंच लिखाण. पहिलं पान वाचून झालं होतं, दुसरं उलटायचं राहिलं होतं. हसणाऱ्यांत पिंपरी पेंढारचा एक मुलगा होता. त्याच्या घरचे बैल शर्यतीच्या घाटात पळतात. त्या बैलांची नावं सगळ्या तालुक्यानं माझ्या अब्बांच्या तोंडून ऐकलेली. त्याला सगळं ठाऊक होतं. तरी हसला, आणि मग खिडकीबाहेर बघत बसला.

अब्बांचं आळेफाट्याला गाद्या भरायचं दुकान. कापूस पिंजून पिंजून भुवया पांढऱ्या झालेल्या. पण जत्रांचे दिवस आले की दुकानाला कुलूप आणि अब्बा बैलगाड्यांच्या घाटावर, हातात माईक. बैल सुटले की ‘झालीऽऽ’ ही आरोळी त्यांची. गर्दी पुढे सरकली की म्हणायचे, “पावणं, वाईच मागं सरा. घाट आपला हाय, बैलं बी आपलीच हायती.” गर्दी हसत हसत मागं व्हायची. वाक्य कुठं ताणायचं, कुठं तोडायचं, हे मी तिथं शिकले, मांडवाच्या खांबाला टेकून.

म्हणून तर मला लेखन शिकायचं होतं. नातेवाईक म्हणाले, डी.एड. कर, नोकरी लागेल. मी हट्टानं बी.ए.ला मराठी स्पेशल घेतलं, कारण शेवटच्या वर्षाला लेखनाचा पेपर होता. नव्वदीची शेवटची वर्षं. रोज एसटीनं जुन्नर.

कॉलेजात पहिल्या दिवसापासून एकच कौतुक. किती छान मराठी बोलतेस. मग दुसरं काय बोलणार? मी काय तुर्कस्तानातून आले होते? शेजारच्या बाकावरच्या मुलीच्या मराठीचं कधी कुणी कौतुक केलं नाही. तिची ती होतीच. माझी मात्र कुणाची तरी उसनी आणून नीट वापरल्यासारखी. आधी मी मान डोलवायचे. नंतर नंतर चीड यायला लागली.

सर पुण्याचे. मनानं वाईट नव्हते, आणि तीच अडचण होती. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. त्या दिवशी वर्ग सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं. बैलगाड्यावर कुणीही लिहील, म्हणाले. त्यात तुझा अनुभव अस्सल वाटत नाही. “तू तुमच्यातलं लिही. बुरखा, तलाक. ती तुझी खाण आहे.”

माझी आई दुकानात गाद्यांना टाके घालते. तिनं कधी बुरखा घातला नाही. घातला असता तरी सरांच्या पेपरासाठी घातला नसता. पण मी ‘हो सर’ म्हणाले आणि स्टँडवर येऊन रडले.

कॉलेजचा वार्षिक अंक निघायचा होता. संपादक सरच. मी तोच बैलगाड्याचा लेख दिला, आणि कसं कोण जाणे, त्यांनी तो घेतला. मी हुरळून गेले. मग प्रुफं बघायला बोलावणं आलं.

पानभर लाल पेन. ‘आपली जत्रा’ खोडून ‘गावकऱ्यांची जत्रा’. ‘आपला घाट’ खोडून ‘तेथील घाट’. अब्बांचं वाक्यही सुटलं नव्हतं. तिथं लिहिलं होतं, ‘पाहुणे, जरा मागे सरा. घाट तुमचा आहे.’

अब्बांच्या तोंडी. घाट तुमचा आहे.

मी म्हणाले, “सर, ‘आपला’ परत घाला.”

ते समजुतीनं बोलले. वाचक आधी नाव बघतो, मग लेख वाचतो. तुझं नाव आणि खाली ‘आपली जत्रा’, म्हणजे त्याला खटकतं. मग त्यांना एक युक्ती सुचली. “असं कर, टोपणनाव घे. मग ‘आपली’ राहू दे.”

म्हणजे नाव ठेवलं तर शब्द जाणार, आणि शब्द ठेवला तर नाव जाणार.

मी पानं गोळा केली. “तुमच्यात असं करतात का सर?” एवढंच विचारलं. ‘तुमच्यात’ हा शब्द त्यांच्याकडे पहिल्यांदाच कुणी वळवला असावा. त्यांचा चेहरा पडला.

अंक माझ्याविना निघाला. लेखनाच्या पेपरात मी काठावर पास झाले. लेखन शिकायला गेलेली मुलगी, आणि लेखनातच काठावर.

अब्बांना सांगितलं, तेव्हा ते कापूस झटकत म्हणाले, “मला बी म्हनत्यात, चाचा, तुमी लई भारी मराठी बोलता. मी हसून सोडून देतो. आपल्यालाच ऱ्हायचंय ना हितं.”

त्यांचं हसू मी आयुष्यभर बघितलंय. माईक खाली ठेवला की येतं ते. त्या दिवशी मला त्या हसण्याचाच सगळ्यात जास्त राग आला.

मी हसून सोडणार नाही. तेव्हापासून जे लिहिलं त्यावर माझं नाव आहे, अब्बांचं नाव आणि आडनावासकट, आणि खाली ‘आपली’ आहे. संपादक दोन्हींपैकी एकावर बोट ठेवतात. मी लेख परत घेते. पुन्हा पाठवते. छापायचं तर दोन्ही छापा. नाव माझं. जत्रा आपली.