म्हशींशिवायच्या दुधाची गोष्ट

लग्न होऊन ईट गावी आले तेव्हा माहेरून विज्ञानकथांची एक पेटीच आणली होती. सासूबाई म्हणाल्या, "भांडी आणायची सोडून ही काय रद्दी!" मला असा राग आला! पण नवी नवरी, पेटी खाटेखाली सरकवली. पुढं घरच्या खव्याच्या भट्टीचा व्यवहार माझ्याकडं आला, तरी पेटी काही सुटली नाही.

मागच्या वर्षी सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, ठरवलं, लाकडावरच्या आणखी तीन भट्ट्या बांधायच्या आणि सगळी शिल्लक त्यातच घालायची. मला ते अजिबात पटेना. सरपण दरवर्षी अधिकच लांबून आणावं लागत होतं. सांगून पाहिलं, भांडून पाहिलं, पण मामा ऐकतील तर शपथ! गवंडीसुद्धा सांगून ठेवला.

मग एकदम सुचलं. उकळतं दूध सोडून हा माणूस जाणार कुठं? मामा कढईपुढं उलथनं घेऊन बसले, तशी मी शेजारी बसून गोष्टच सुरू केली.

वीस वर्षांनंतरचं ईट. शहरात टाकीत दूध तयार होतंय, म्हशीविना. धुराला बंदी आहे. कढया उन्हावर तापतात. सांगता सांगता मीच इतकी रंगले की हातवारे करायला लागले.

"त्या टाकीतल्या दुधाचा खवा उतरतो का?" मामांनी विचारलं.

"उतरतो की!"

"रवाळ?"

"अगदी रवाळ, मामा."

"लबाड हाईस. आन् म्हशी कुठं गेल्या मंग?"

तेवढ्यात वास आला. जन्मात ज्यांनी खवा लागू दिला नाही, त्यांची कढई खालून करपली होती! सासूबाई ओरडत आल्या. मला मात्र नाचावंसं वाटत होतं. मामा गोष्टीत शिरले होते, म्हणजे मी जिंकलेच की!

मामांनी जळती लाकडं बाहेर ओढली. करपलेला खवा खरवडता खरवडता म्हणाले, "लई भारी गोष्ट हाय. पर त्या ईटात आपुन कुठं हाव?"

मी गोष्ट पुन्हा आठवून पाहिली. टाक्या होत्या, ऊन होतं, सगळं गाव होतं. आमचं घर मी त्यात घातलंच नव्हतं.

"गवंड्याला उद्या येऊ नगं म्हून सांगतो," मामा म्हणाले. "आदी आपल्याला घाल त्यात. काय बांदायचं ते मंग बगू."