घासलेला पैसा

ऑफिसात मला सगळे नाणीवाली बाई म्हणायचे. वर्ध्याला टायपिस्ट म्हणून लागले, तेव्हापासूनचं हे नाव. 'छान छंद आहे हो तुमचा,' असं कोणी म्हटलं की मी नुसती मान हलवायचे. एका सहकाऱ्यानं तर पुतण्याकडची जपानी नाणी आणून दिली. तीही ठेवून घेतली. खरं कारण सांगायचा कंटाळा यायचा आणि लाजही वाटायची.

समुद्रपूरजवळच्या गावात वडील वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, लावायचे. मी सात वर्षांची असताना मला भाऊ झाला. दृष्ट लागू नये म्हणून आईनं त्याच्या कमरेच्या करदोड्यात जुना भोकाचा पैसा ओवला होता. ओवण्याआधी ती तो पैसा पाट्यावर बराच वेळ घासत बसली होती. बाळाला टोचू नये म्हणून कड घासत असेल, असं मी धरून चालले. दीड वर्षाचा होऊन भाऊ तापानं गेला. आईनं करदोडा सोडला आणि पैसा कुंकवाच्या जुन्या डबीत ठेवला.

त्याच उन्हाळ्यात दारात भंगारवाला आला. तांब्या-पितळेच्या बदल्यात तो सोनपापडी द्यायचा. घरात दुसरं काही सापडेना, म्हणून मी डबी उघडली. सोनपापडी गोठ्यामागे बसून खाल्ली. खाताना भावाची आठवणही आली नाही, म्हणून मला आजही स्वतःचा राग येतो. रिकामी डबी जागेवर ठेवली होती. आई कधी काही बोलली नाही. तिनं डबी उघडलीच नसेल, असं मी स्वतःला सांगत राहिले.

नोकरी लागल्यावर मी तो पैसा शोधायला लागले. ऑफिस सुटलं की मोडीची दुकानं, रविवारी एसटीनं आर्वी. दुकानदार तांब्याचा ढीग पुढे सरकवायचा आणि मी त्यातले भोकाचे पैसे निवडून, कडेवरून बोट फिरवून परत टाकायचे. कड न घासलेली, गोलच असली की तो आपला नव्हे. माणसाला उगाच तिष्ठत ठेवलं म्हणून एखादा विकत घ्यायचे, आणि असे घेता घेता डबे भरले. पाच-सहा वर्षं हेच. पाय दुखायचे, हातांना तांब्याचा वास यायचा आणि तरी शनिवार आला की मी पिशवी शोधायला लागायचे. लोकांना याच्यात छंद कुठे दिसायचा कोण जाणे.

शेवटी मी थकले. एका रविवारी डब्यातला एक पैसा काढला आणि खोलीवरच्या पाट्यावर त्याची कड एका बाजूनं घासून सपाट केली. तो घेऊन गावी गेले. लहानपणी पैसा मीच भंगारात दिला होता आणि आता मोडीच्या दुकानात तोच सापडला, असं आईला सांगून टाकलं. अर्धं खरं, अर्धं खोटं.

आईनं पैसा हातात घेतला. कडेकडे तिनं पाहिलंही नाही. करंगळीचं टोक भोकात घालून आतून फिरवलं.

"हा तो नाई," ती म्हणाली. "म्या भोक घासलं होतं. दोरा कापला जाये त्यानं."

कड गोल आहे म्हणून किती पैसे ढिगात परत टाकले होते, ते आता आठवूनही काही उपयोग नव्हता. मी नेला हे तुला कधी समजलं, एवढंच विचारलं.

"त्याच दिवशी. तुह्या फराकाले सोनपापडी लागून होती."

"मंग बोलली काऊन नाई?"

"एक तर गेलाच होता. तुले काय रडवू?"

पुढे ती म्हणाली, की आता नको हिंडू, किती वाळली तू. मग उठून आतून कुंकवाची डबी घेऊन आली. झाकण काढलं. डबी रिकामीच होती. इतकी वर्षं तिनं तिच्यात दुसरं काही ठेवलं नव्हतं. मी घासलेला तो पैसा तिनं तिच्यात ठेवला आणि झाकण लावलं.