मागून भरायची ठासणीची बंदूक

आमच्या माजी सैनिकांच्या हॉलमध्ये चहा दिवसातून एकदा होतो, किस्से मात्र दिवसभर चालतात. कुंडलजवळच्या आमच्या गावात त्यातले निम्मे किस्से एकाच बंदुकीचे आहेत!

ती मुळात ठासणीची. दारू-गोळी नळीच्या तोंडातून टाकायची आणि गजानं ठासायची. पुढं इंग्रजांच्या फौजेनं तिचा मागचा भाग कापून बिजागरीचं झाकण बसवलं आणि काडतूस मागून भरायची सोय केली. हे आम्हाला सांगितलं भीमराव आबांनी. आबा पलटणीत आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे. त्यांनीच ती भंगारात ओळखली आणि रीतसर परवानगी काढून हॉलच्या भिंतीवर टांगली.

* * *

एका पाहुण्यानं ती नकली ठरवली. मागून भरायची तर ठासायचा गज कशाला, असा त्याचा सवाल. आबा म्हणाले, "घरात मिक्सर आला म्हणून पाटा-वरवंटा फेकलास का रं?" पाहुणा चहा न पिताच गेला.

* * *

आबांचा खरा वैरी घरचाच, आमचे अध्यक्ष सुभेदार. गंज दिसला की रंग द्यायचा, ही त्यांची फौजी सवय. दर खंडेनवमीला बंदुकीला हळदकुंकू, झेंडूचा हार आणि वर काळा ऑईलपेंट! आबा ब्रश हिसकावून घ्यायचे, सुभेदार दुसरा काढायचे. अकरा वर्षांत इतके थर चढले की झाकण उघडेना.

* * *

मग संग्रहालयाचे साहेब तपासायला आले. अस्सल ठरली तर ती साताऱ्याच्या प्रदर्शनात जाणार होती. आबांना दोन दिवस घास गोड लागला नव्हता.

"नळीवर जो नंबर, तोच झाकणाच्या पोटात असंल," आबा म्हणाले. "न्हाई निघाला तर मीच हिला खाली उतरवतो."

साहेब तासभर थिनर घेऊन बसले. नळीवर नंबर दिसला. झाकण उघडलं. आत तोच नंबर, कालच ठोकल्यासारखा! रंग नसता तर गंजानं कधीच खाल्ला असता, असं साहेबांनी सांगितलं. हॉलमध्ये शिट्ट्या वाजल्या. आबा खुर्चीत बसून राहिले आणि मला तर चक्क रडू आलं.

* * *

बंदूक सातारा गाजवून परत आली. यंदाच्या खंडेनवमीला सुभेदार सवयीनं डबा-ब्रश घेऊन आले, आबांना बघून त्यांनी तो पाठीमागं लपवला. आबांनी हात पुढं करून डबा घेतला आणि स्वतः उघडून दिला.

"लावा सुभेदार. पण पातळ लावा."