पळसाचं तिकीट, सालेकशाचा शिक्का

माझ्याकडे पळसाचं एक जुनं पोस्टाचं तिकीट होतं. एकच. त्याचं मॅक्सिमम कार्ड करायचं म्हणून मी पुण्याहून थेट गोंदियाला निघाले. मॅक्सिमम कार्ड म्हणजे झाडाच्या फोटोचं कार्ड, फोटोवरच त्याच झाडाचं तिकीट, आणि ते झाड जिथे फुलतं तिथल्या पोस्टाचा शिक्का. तिन्ही जुळायला हवं. कार्ड मी आधीच छापून घेतलं होतं, आमच्या कॉलेजमागच्या लालभडक झाडाचं.

गोंदियाला स्टेशनबाहेर तर्री-पोहे खाऊन सालेकशाची लोकल पकडली. मार्चमध्ये आलात तर कुठलीही खिडकी घ्या, दोन्हीकडे पळस आहे. धावत्या गाडीतून तो मला माझ्या फोटोतल्यासारखाच वाटला.

सालेकशाच्या पोस्टात काउंटरवर वंदनाताई होत्या. मी तिकिटाला डिंक लावणार, तेवढ्यात त्यांनी कार्ड उचललं.

"हे कायचं झाड हाये?"

"पळस."

"पळसाले काटे कधीपासून आले, बाई?"

मागे पासबुक घेऊन उभे असलेले काका डोकावले. "पांगारा हाये तो. पुण्यात पळस नाही काय?"

असेल. शाळेत आम्ही लाल दिसेल त्याला फ्लेम ऑफ द फॉरेस्ट, म्हणजे पळस, म्हणायचो. संध्याकाळी माझी परतीची गाडी होती. आता काय?

"फोटो काढून आण," ताई म्हणाल्या. "डाक तीनले निघते, मंग शिक्का नाही. त्याच्या आत ये."

काकांनी स्कूटरवर बसवलं. त्यांच्या बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतात, पळस होता.

"एका शिक्क्यासाठी इतक्या दूर काऊन आली?"

मी मोबाईल काढून फोटो काढत सुटले.

"फोटो काढून राहिली, झाड कधी पाहशील?"

मोबाईल खिशात टाकला. काकांनी फांदी वाकवली. पाकळ्या केशरी, पोपटाच्या चोचीसारख्या. खालचा देठ काळा, हाताला मखमलीसारखा. काटा एकही नाही. मग निवांतपणे एकच फोटो काढला.

बाजारातल्या स्टुडिओत वीस रुपयांत कार्डाच्या आकाराची जाड प्रिंट मिळाली. पोस्टात पोचले तेव्हा तीनला दहा मिनिटं कमी होती. तिकीट फोटोवर चिकटवलं. ताईंनी शिक्का आधी रद्दी कागदावर मारून पाहिला. शाई जास्त होती. आणखी दोनदा मारला, मग कार्डावर हळूच दाबला. अर्धा तिकिटावर, अर्धा फोटोवर. तारीख, गाव, सगळं स्वच्छ.

"आता तरी बरोबर?" मी विचारलं.

"आता पळस हाये."

कार्ड आता अल्बममध्ये पहिल्या पानावर आहे. परवा कॉलेजमागे गेले आणि तीन वर्षं रोज पाहिलेल्या त्या झाडाला पहिल्यांदाच हात लावला. काटे होते.