काजव्यांच्या झाडाखालचा इंग्रजीचा तास

जी गोष्ट आपणच मारून टाकली, तिचं नाव मुलांना कोणत्या तोंडाने शिकवायचं? आमच्या इंग्रजीच्या डिक्शनरीबाईंनी गेल्या वर्षी मला हे विचारलं होतं. आता मी तुम्हाला विचारते आहे.

बाई लोणावळ्याहून आमच्या लोहगडवाडीला इंग्रजी शिकवायला यायच्या. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शब्द वहीत उतरवायचा नाही, हा त्यांचा दंडक. ‘इफल्ज’ (effulge) या क्रियापदासाठी त्यांनी आम्हाला मे महिन्याच्या सुट्टीत, दिवेलागणीनंतर शाळेमागच्या बेहड्याच्या झाडाखाली उभं केलं. हजारो काजवे एकदम पेटले, एकदम विझले. आवाज कसलाच नाही. उजेड आला की बाईंचा हिरवट चेहरा दिसायचा. तो गेला की तिथे कुणीच नसायचं.

“आतला उजेड बाहेर सांडणे, म्हणजे इफल्ज,” अंधार बोलला. “सूर्य, काजवा, बाळंतिणीचा चेहरा. बटण दाबून लागतं त्याला हा शब्द लावायचा नाही.” ही अट कोशात नाही, बाईंची आहे.

“बाई, आमचा म्हातारा चिडला की लालभडक व्हतो. त्यो इफल्ज करतो का?” वर्गातल्या संगीने विचारलं.

“तो तापतो. त्याला वेगळं क्रियापद आहे.”

कॉलेजात गेल्यावर मी पर्यटकांसाठी पत्रकं लिहू लागले. पहिलंच पत्रक होतं, ‘काजवे पाहायला लोहगडवाडीला या’. लोक आले, लय आले. त्यांना वाट दिसावी म्हणून टपरीवाल्या आबांनी बेहड्यालाच हॅलोजन बांधला. उजेड बघायला येणाऱ्यांसाठी उजेड!

“मानसं आंधारात धडपडत्यात, बाई,” आबा म्हणाले. “काजवं काय लायटीला भ्यात्यात व्हय?”

“भीत नाहीत, आबा,” बाई म्हणाल्या. “त्यांना एकमेकांचा उजेड दिसत नाही. मग जोडी कशी जमायची?”

तीन उन्हाळ्यांत काजवे संपले, झाड काळं पडलं. आबांनी घाबरून दिवा उतरवला, पण उशीर झाला होता.

गेल्या वर्षी बाई मला तिथेच भेटल्या. डोळे मिटलेले, बोट खोडावर ठेका धरून. “आता,” त्या म्हणाल्या. जरा थांबून पुन्हा, “आता.” झाडावर एकही काजवा नव्हता. तरी प्रत्येक ‘आता’ला त्यांचा चेहरा हिरवट उजळलेला मी पाहिला. त्याच पावसाळ्यात बाई वारल्या.

यंदा त्या झाडावर एक काजवा आलाय. एकच. चमकतो आणि बराच वेळ अंधारात थांबतो, दुसऱ्या कुणाची तरी वाट बघत. मावळात आलात तर गाडीचे दिवे, टॉर्च, हातातला मोबाइल बंद ठेवा. भीती वाटली तरी लावू नका.