शनिवारचं खरं

आमच्या शाळेच्या भिंतीवर गेरूनं तीन शब्द लिहिलेले होते. सत्य, श्रम, स्वच्छता. ते नुसते भिंतीवर होते तोवर कोणाचं काही बिघडलं नव्हतं. आमच्या गुरुजींनी ते मनावर घेतले आणि मग बिघडलं.

महाराष्ट्र नवा होता, शाळा नुकतीच जिल्हा परिषदेकडे आली होती. डोणगावच्या बाजाराला पायी जाऊन उन्हाच्या आत परतता येईल, एवढ्यावर आमचं गाव. दोन खोल्या, चार वर्ग आणि गुरुजी एकटे. माणूस देवासारखा होता, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून लोक त्यांना नावं ठेवतील. ठेवायचीच असतील तर मला ठेवा.

गुरुजी म्हणायचे, "भिंतीवरचं अंगात उतरलं पाहिजे." म्हणून श्रमासाठी बुधवारी पाळीनं वर्ग सारवायचा. स्वच्छतेसाठी रोज नखं आणि कान दाखवायचे. सत्याचं काय करावं हे त्यांना बरेच दिवस सुचलं नाही. मग त्यांनी शनिवार धरला. सकाळची शाळा, प्रार्थना झाली की ज्याला वाटेल त्यानं उभं राहायचं आणि एक खरी गोष्ट सांगायची. खरं सांगणाऱ्याला मार नाही. उलट फळ्याच्या कोपऱ्यात त्याचं नाव, सोमवारपर्यंत.

अहो, काय झुंबड उडाली! कोणी तुरीच्या शेंगा चोरल्या, कोणी आजीची तपकीर सांडली, कोणी मारुतीपुढचा नारळ फोडून खाल्ला. महिन्याभरात पोरांची पापं संपली. मग काही जण न केलेल्या चोऱ्या सांगायला लागले, नाव यावं म्हणून. सत्याच्या तासाला एवढं खोटं मी पुन्हा कुठं ऐकलं नाही.

माझं नाव सलग चार शनिवार लागलं होतं आणि मी हवेत होते. पाचव्या शनिवारी माझ्याजवळ सांगायला काही उरलं नाही. गूळ, पाटी, आईला दिलेलं उलट उत्तर, सगळं देऊन झालं होतं.

माझ्या शेजारी एक मुलगी बसायची, माळ्याची. माझी जिवाभावाची. तिसरीनंतर तिच्या बापानं तिची शाळा बंद केली होती. घरी तान्हा भाऊ, दोन शेळ्या. पण मेहकरच्या मावशीनं तिला कबूल केलं होतं, "चौथी पास हो, मंग तुह्या बापाले काय सांगायचं ते मी सांगतो. पाचवीले माह्याजवळ ठेवतो." त्या एका शब्दावर ती जगत होती. सकाळी शेळ्या चारायला म्हणून निघायची, शाळेमागच्या नाल्यात बाभळीला त्या बांधायची आणि वर्गात येऊन बसायची. मधल्या सुट्टीत निघून जायची. तिचं पुस्तक माझ्या पिशवीत असायचं. गुरुजींना वाटायचं, घरचे धाडतात, पण कामाला लवकर बोलावतात. खरं फक्त मला ठाऊक होतं.

त्या शनिवारी मी उभी राहिले तेव्हा तिला कळलं असावं. तिनं माझा परकर खाली ओढला. "बस ना वं," हळूच म्हणाली. मी बसले नाही.

"गुरुजी, ही घरी खोटं सांगून शाळेत येते," मी म्हटलं. शेळ्या, नाला, सगळं सांगितलं. विचारलं असतं तर बाभूळही दाखवली असती.

गुरुजींनी हातातलं पुस्तक मिटलं. मग फळ्याकडे वळून त्यांनी माझं नाव लिहिलं. ती खाली मान घालून बसून राहिली, रडली नाही.

त्याच दिवशी ऊन उतरल्यावर गुरुजी तिच्या मळ्यात निघाले, मलाही सोबत घेतलं. वाटेत म्हणाले, "शिक्षण खोट्याच्या पायावर उभं राहू नये. बापाला समजावलं की तो राजीखुशीनं पाठवेल." बापानं घोंगडी अंथरली, पाणी दिलं. डोक्यावरचा दुपट्टा काढून हात जोडून सगळं ऐकलं. "हाव गुरुजी. तुमचं बराबर आहे. धाडतो तिले." वर शेरभर वांगी बांधून दिली. ती झोपडीच्या दाराशी भावाला कडेवर घेऊन उभी होती. माझ्याकडे तिनं बघितलं नाही.

परतताना गुरुजी खुशीत होते. "पाहिलंस? खरं बोललं की वाट निघते."

सोमवारी ती आली नाही. त्या आठवड्यात नाही, त्या वर्षात नाही. शेळ्या चारायला चुलता जाऊ लागला आणि तिला बापाच्या नजरेआड जाऊ देईनात. गुरुजी अजून दोनदा गेले. दोन्ही वेळा बापानं "हाव" म्हटलं. दिवाळीला मावशी आली, भांडली आणि एकटीच मेहकरला गेली. पुढच्या वर्षी बापानं मुलीचं लग्न साखरखेर्ड्याकडं लावून दिलं. मी पाचवीला गेले, सातवी झाले, मास्तरीण झाले. माझ्यासाठी कशी भराभर वाट निघाली!

बदली होऊन मी आमच्याच गावच्या शाळेत आले. गुरुजी निवृत्त होऊन गेले होते, भिंतीला चुना लागला होता. गावात बालवाडी निघाली आणि मदतनीस बाई हवी होती, चौथी पास. तेव्हा ती आली. नवऱ्यानं टाकली होती, दोन लेकरांना घेऊन माहेरी राहत होती आणि भावजय रोज ऐकवत होती. दारात चप्पल काढून उभी राहिली. मी उठून "ये, बस" म्हटलं, पण ती बसली नाही.

"बाई, दाखला पायजे होता."

मी जुनं रजिस्टर काढलं. तिचं नाव सापडलं. तिसरी पास. चौथीतून नाव कमी. शाळा सोडल्याचं कारण: घरगुती अडचण. गुरुजींचंच अक्षर. आयुष्यात कधी खोटं न लिहिणाऱ्या माणसाला त्या रकान्यात दुसरं काय लिहावं हे सुचलं नसेल. मला माहीत होतं त्या जागी कोणाचं नाव हवं ते.

मी तिला वाचून दाखवलं.  ती म्हणाली, "बाई, चौथी पास लिहा ना. तेवढ्यानं माह्या लेकरायचं भागते. कोण पाहून राह्यलं?"

खरंच कोण बघत होतं? एक शब्द. माझ्या हातात टाक होता. पण मूळ नोंद एक आणि दाखला दुसरा, तपासणीला साहेब आले तर नोकरी जाईल, ही भीती मला होतीच. मी तिला भीती सांगितली नाही. म्हटलं, "असं खोटं कसं लिहू?" ते तोंडातून गेलं आणि मला माझीच किळस आली.

तरी मी तिसरी पास असंच लिहिलं. खाली छापलेलं होतं, वरील माहिती खरी आहे. त्याखाली सही केली.

तिनं कागद दोन्ही हातांनी घेतला, घडी घालून कमरेला खोचला. चप्पल घालताना म्हणाली, "तू तवाही खरंच बोलली होती वं."

आणि गेली. बालवाडीत दुसरी बाई लागली.